कुलूपबंद खड्ड्यातली ओल

आधीच सांगून टाकते — नवी नवरी असताना मी अर्थिंगच्या खड्ड्याची पूजा केली होती. हळद, कुंकू, उदबत्ती, वर गुळाचा खडा. हसा, हसून घ्या. सगळं गाव हसून झालंय, तुम्हीच का मागे राहता?

झालं असं की आमचे हे लाइनमन. घरामागं खड्डा खणून त्यांनी तांब्याची पट्टी पुरली, वर मीठ-कोळसा घातला आणि मला म्हणाले, "जेवणं झाली की इथं तांब्याभर पाणी घालत जा. चुकवू नको." माती ओली राहिली की वीज नीट जमिनीत उतरते, शॉक बसत नाही... एवढं सांगायला काय जात होतं? पण न्हाई सांगितलं. आणि मी अशी हुशार, की म्हटलं, सासरचा कुणीतरी कडक देव दिसतो! शेजारच्या काशाबाईनं मला प्रदक्षिणा घालताना पाहिलं आणि आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारात बातमी माझ्या आधी पोचली. मी रुसले ती रुसलेच. पुन्हा त्या खड्ड्यात पाण्याचा थेंब टाकला नाही. मग हेच जेवून उठले की हात धुवायचे आणि उरलेला तांब्या तिथं रिकामा करायचे. देवाघरी जाईपर्यंत.

तेवढा येडपटपणा सोडला तर भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. नात तुमचे इथले अनुभव मोबाईलवर वाचून दाखवते तेव्हा मी प्रत्येकात चोर शोधते... मांजर असेल, दीर असेल, नाहीतर दारू असेल!

तर ही नात, पल्लवी, विद्यापीठात इलेक्ट्रिकल डिपार्टमेंटला पीएचडी करते. विषय काय, तर उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीला भेगा पडल्या की अर्थिंग किती बिघडतं. तिनं शेतात दोन नवे खड्डे केले, तिसरा आमचा जुना. प्रत्येकाला एक डबी जोडली. रीडिंग थेट तिच्या होस्टेलवर, मोबाईलमध्ये. माती वाळली की आकडा वर चढतो, ओली झाली की खाली येतो. नव्या खड्ड्यांचे आकडे उन्हाबरोबर चढत गेले. जुन्याचा मात्र रोज दुपारी, जेवणवेळ झाली की, खाली!

पहिला संशय माझ्यावरच. फोन आला, "आज्जे, खरं सांग, पाणी घालून राहिलीस ना?"

"मी? त्या खड्ड्याशी माझं बोलणं बंद हाय."

"आज्जे, मजाक नको करू. माझं सगळं काम जाईल."

मग माझा संशय काशाबाईवर. नंतर डबी बसवायला आलेल्या पल्लवीच्या लॅबमधल्या चष्मेवाल्या पोरावर... मान खाली घालून भाकरी खाणाऱ्या माणसाचा मला भरवसा नाही. पल्लवीनं येऊन खड्ड्यावर लोखंडी झाकण बसवलं, कुलूप लावलं, किल्ली घेऊन गेली. तरी आकडा रोज दुपारी खालीच.

मग तिच्या सेमिनारला सगळ्यांसमोर तिचे गाईड म्हणाले, "हा डेटा मोजलेला नाही, शिजवलेला आहे." म्हणजे पोरगी लबाड. सर सही करणार नाहीत, एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात. पल्लवी सहसा रडत नाही. त्या दिवशी फोनवर नुसती नाक ओढत राहिली.

मी जीपनं हिंगोली गाठली, पुढं बस, आणि थेट डिपार्टमेंटात. व्हरांड्यात उघडी मोटार मांडलेली, जिन्याखाली पोरं चहा पिऊन राहिलेली, लॅबच्या दारावर पाटी — ओल्या हातांनी स्पर्श करू नये. पदराला हात पुसून सरांच्या केबिनमध्ये शिरले.

"आजी, नातीच्या प्रेमापोटी तुम्हीच पाणी घालत असाल," सर हसून म्हणाले.

"प्रेम असतं तर तिन्ही खड्ड्यांत घातलं असतं. एकात काहून? तुमी या. कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या खिशात. जेवण आमचं."

सर आले, पल्लवीही आली. आधी पाण्याची पाईप कुठून जाते ते पाहिलं. त्या बाजूला पाईपच नाही. मग झाकण उघडून माती चिमटीत घेतली — पीठ व्हावं तशी कोरडी. आपलं कुलूप लावलं, मीटर जोडून मागच्या ओसरीवर ठेवलं. आम्ही तिघं तिथंच जेवायला बसलो. पिठलं, भाकरी, ठेचा. खड्डा डोळ्यांसमोर. सरांची नजर माझ्यावर, माझी सरांवर, पल्लवीची मीटरवर.

जेवणं झाली. सरांनी अंगणात हात धुतले आणि वळले, तेवढ्यात पल्लवी म्हणाली, "सर... उतरला."

सर तसेच ओल्या हातांनी गेले. किल्ली खिशातून काढली, कुलूप उघडलं. माती ओली. नुसती दमट नाही — वर पाणी तरळत होतं, हळूहळू जिरत होतं. आणि त्यात भाकरीचे दोन-चार कण, हात धुताना निघतात तसे. सरांनी मीटरकडे पाहिलंच नाही, त्या कणांकडे बघत राहिले.

"आजी, इथं पाणी कोण घालायचं?"

"हे घालायचे. जेवून हात धुतले की." आणि मग माझी ती पूजेची गोष्टही सांगून टाकली. सर हसले नाहीत.

कण मुंग्यांनी आणले असतील म्हणा. पण पाणी? पल्लवीनं नंतर चारी बाजूंनी खणून पाहिलं, कोरडं ठणठणीत. मला आजही संशय काशाबाईवरच आहे, पण ती त्या दिवशी बाळापूरला लेकीकडं होती. खुलासा ना पल्लवीकडे, ना सरांकडे, ना माझ्याकडे. ह्यांना विचारावं म्हटलं तर जिवंतपणीच काही सांगायचे नाहीत!

जाताना सर पल्लवीला म्हणाले, "रीडिंग खरं आहे, मी सही करतो. कारणापुढं 'अज्ञात' लिही." पोरीनं डोळे पुसले. सर गाडीत बसले. गाडी चार पावलं गेली नि थांबली. सर उतरून एकटेच मागच्या दारानं आले आणि माझ्याशी हळूच बोलले:

"आजी, घरात कुंकू असेल तर चिमूटभर द्या... आणि पल्लवीला जरा आत बोलावून घ्या, तिनं बघायला नको."