खंडेनवमीचं कुंकू

रहाटणीला आमच्या खोल्यांच्या रांगेत कुणी मनानं खचलं की मला बोलावणं यायचं. मी फार छान समजावतो, असा माझा समज होता आणि तो मी सगळीकडे पसरवलाही होता.

शेजारच्या खोलीतला मित्र माझ्याच कंपनीत पत्रा कापायच्या प्रेसवर होता. प्रेसनं त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली, अंगठ्याजवळचं आणि मधलं. जखम भरली. कंपनीनं तपासणीच्या टेबलावर बसून करायचं काम देऊ केलं, तरी हा खाटेवरून हलेना. हात कायम टॉवेलात गुंडाळलेला. दसऱ्यानंतर हजर झाला नाही तर नोकरी जाणार होती. मी रोज जाऊन तोंडची वाफ दवडायचो. "अरे, तीन बोटं शाबूत आहेत ना?"

"मंग तुझी दोन दे, राव. सांगाया काय जातंय!"

मला राग आला, आणि लाजही वाटली.

खंडेनवमीला कंपनीचं गेट घरच्यांसाठी उघडं असे. "तुमी नका येऊ. मी एकली बघून येते त्या मशीनला," असं म्हणून त्याची बायको पूजेचं ताट घेऊन निघाली. मग तोही मागोमाग आला.

आत शिरलो तेव्हा मला स्वप्नात असल्यासारखं वाटलं. एरवी कान किटायचे, तिथे बांगड्या ऐकू येत होत्या. छताच्या काचांतून पिवळं ऊन उतरलं होतं आणि उदबत्तीचा धूर त्यात तरंगत होता. ऑइलच्या वासात झेंडूचा वास मिसळला होता. सगळ्या मशीनना हार होते, फक्त त्याचा प्रेस तसाच होता. ज्याचं मशीन त्यानंच पुजायचं, हा आमचा रिवाज. त्याच्या जागी आलेल्या गड्यानंही प्रेसला फूल वाहिलं नव्हतं.

बायकोनं ताट पुढे केलं.

"कशानं लावू?" तो टॉवेल आवळत म्हणाला.

"अवो, देवाला कुंकू कुठल्या बोटानं लावत्यात?"

मग त्यानं टॉवेल सोडला. करंगळीशेजारचं बोट जसंच्या तसं होतं. ते त्यानं कुंकवात बुडवलं आणि लोखंडावर टेकवलं.

"उरलेली सांभाळ गं बाई," बायकोनं मशीनला दटावलं. तो हसला. डोळ्यांतून पाणी वाहत असताना हसत राहिला.

दसरा झाल्यावर पहिल्या पाळीला तो टेबलावर हजर होता.

मी मात्र दोन महिने "तीन बोटं, तीन बोटं" करत होतो. ती तीन कोणती, हे एकदाही विचारलं नव्हतं.