आधी छताला जय भीम

सोमकुवर काका कोणाच्याही घरी गेले की त्यांचा जय भीम आधी छताला लागायचा, मग घरच्या माणसांना. उंबऱ्याच्या आत एक पाय टाकून ते थांबायचे, चष्मा कपाळाकडे सरकवायचे आणि मान मागे टाकून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत वर पाहत राहायचे. घरात लग्न असो की कोणी आजारी असो, आधी हे. मग खाली पाहून, घरचे सगळे आत्ताच दिसल्याचा आनंद झाल्यासारखे हसायचे आणि प्यायला पाणी मागायचे.

पुतण्यासाठी मुलगी पाहायला ते रामाकोन्याला गेले होते, तो किस्सा आमच्या सौंसरमध्ये अजून सांगतात. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन समोर उभी आणि काकांची नजर छतावर. मुलीच्या बापाला वाटलं, झालं, पाहुण्यांना पोरगी पसंत नाही. त्याने घाबरत घाबरत विचारलं, काही कमी आहे का. काकांनी सांगितलं की पोरगी छान आहे, पण तिसऱ्या पत्र्याला चीर गेली आहे आणि बरोबर तिच्याखाली पाण्याचा माठ आहे, तो आधी हलवा. माठ हलवला, लग्न ठरलं. ती मुलगी आज त्यांची पुतणसून आहे आणि हा किस्सा सगळ्यात रंगवून तीच सांगते.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं, समजावून सांगायला अवघड. जुनं घर किंवा इमारत पाडायची असो, दुरुस्त करायची असो, त्याआधी तिच्यात ॲस्बेस्टॉस कुठे कुठे आहे ते शोधून कागदावर मांडायचं. आपल्याकडे ज्याला सगळे सिमेंटचा पत्रा किंवा नुसतं चादर म्हणतात, त्यात ते असतं. छताच्या जुन्या पाट्यांत असू शकतं, पाइपात, भट्टीच्या दाराभोवती गुंडाळलेल्या दोरीत. जागच्या जागी धड असेल तोवर फारसं बिघडत नाही. फोडलं, घासलं, कापलं की त्याचं बारीक सूत हवेत उडतं आणि छातीत जाऊन बसतं ते कायमचं. तरुणपणी काका नागपूरकडे पत्र्याच्याच एका कारखान्यात होते. तो बंद पडल्यावर इमारती तपासणाऱ्या एका इंजिनिअरच्या हाताखाली त्यांनी हे काम शिकून घेतलं आणि मग गावी परतले. सौंसरमध्ये असा माणूस कोणी पाहिलेला नव्हता. लोक त्यांना वास्तूवाले समजायचे. एका घरी त्यांनी तासभर वही भरून नकाशा काढला, तेव्हा घरमालकाने हात जोडून विचारलं होतं की देवघर कोणत्या कोपऱ्यात हलवू.

खांद्यावर खाकी पिशवी. तिच्यात टॉर्च, नाकावरचा मास्क, प्लॅस्टिकच्या थैल्या, चिकटपट्टी, वही आणि न्हाव्याकडे असते तशी पाण्याची फवारणी करायची बाटली. कशालाही हात लावण्याआधी ते त्या जागेवर पाणी फवारत. भिजलेलं सूत उडत नाही, एवढंच कारण. पण लोकांना ते असं सांगत, "दारी आलेल्या पाहुन्याले आपून पयले पानी देतो का नाही? मंग याले काऊन नाही द्याचं?" मी शाळेत बाई आहे. हात धुण्याचं महत्त्व पोरांना शिकवायला मला आठवडा लागतो, आणि काकांची ही गोष्ट गावातल्या गवंड्यांना एका वाक्यात पाठ झाली. याचा मला थोडा हेवाच वाटायचा.

आमच्याकडे उन्हाळा लागण्याआधी पत्रे तारेच्या ब्रशने खसाखसा घासून त्यावर चुना मारायची पद्धत आहे, घर थंड राहावं म्हणून. काकांनी या पद्धतीशी एकट्याने भांडण मांडलं होतं. मार्च आला की ते गल्लोगल्ली वर पाहत फिरायचे आणि कोणी ब्रश घेऊन चढलेलं दिसलं की खाली उभे राहून त्याला उतरवायचे. चुन्याला त्यांची ना नव्हती, घासायला होती. चुना मारा, पण वरून भिजवून, घासू नका, हे ते इतक्यांदा सांगत की पोरं त्यांना लांबून पाहूनच ओरडायची, पानी मारलं हो काका.

गोटमारीच्या, म्हणजे दोन गावांनी एकमेकांवर दगड मारायच्या सणाच्या, दिवसांत तर त्यांची वेगळीच धावपळ असे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या या काठाला पांढुर्णा आणि त्या काठाला सावरगाव, मधे दगडांचा पाऊस. सगळं जग त्या दिवशी तिथे पाहायला जातं. काका जायचे त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या पहिल्या बसने. नदीकाठच्या घरांवर दगड पडून पत्रे फुटलेले असायचे आणि बाया अंगणातले तुकडे कोरडेच झाडत असायच्या. त्यांच्या हातातला झाडू थांबवून काका आधी बाटली चालवत. एकदा कोणीतरी त्यांना सुनावलं की माणसं किती जखमी झाली ते विचारत नाही आणि पत्रे मोजत फिरता. काका शांतपणे म्हणाले, "मानसायले दवाखाना आहे. पत्र्याले माह्याशिवाय कोन आहे?"

त्यांचा एक नियम होता. डोळ्याने पाहून ते कधी सांगत नसत. भिजवून नखाएवढा तुकडा काढायचा, दुहेरी थैलीत बंद करायचा, काढलेली जागा बुजवायची, तुकडा नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवायचा आणि कागद येईपर्यंत तोंड बंद. पांढुर्ण्याच्या एका कापडवाल्याच्या घरी छताच्या पाट्यांवर त्यांना संशय आला. कागद यायला पंधरा दिवस लागले. तोवर ते कुटुंब धास्तीने ओसरीत झोपलं, म्हाताऱ्याला सर्दी झाली, आणि शेवटी निघालं काय तर काहीच नाही, साध्या पाट्या. कापडवाला भडकला. काका मात्र पेढे घेऊन त्याच्या दुकानात गेले. खराब निघायला पाहिजे होतं का, असं त्यांनी त्यालाच विचारलं. त्याने एक पेढा खाल्ला आणि मग दुसराही घेतला.

हे सगळं मी हसत हसत सांगते आहे, कारण ते दुसऱ्यांच्या घरांचं होतं. मग माझ्या घरावर पाळी आली.

माझी लेक प्रज्ञा पहिल्या बाळंतपणाला येणार होती. आमची मागची खोली बाळंतिणीची. वारा लागत नाही, चूल जवळ, मोरी जवळ. माझीही दोन बाळंतपणं तिथेच निघाली. वर सिमेंटचे पत्रे आणि त्यांच्याखाली बारदान्याचं छत. म्हणजे पोती उसवून, एकाला एक शिवून, ताणून ठोकायची आणि वरून चुना मारायचा. आमच्याकडे जुन्या घरांत हे सर्रास असतं. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामाजींनी, ते स्वतःच्या हाताने ठोकलं होतं आणि त्यांना त्याचा फार अभिमान होता. मला मात्र माझ्या नातवंडासाठी वर पक्का स्लॅब पाहिजे होता. ठेकेदार म्हणाला, दोन दिवसांचं काम, चार हातोडे आणि एक ट्रॅक्टर. मी हो म्हटलं. आमच्या ह्यांनी तेवढं डोकं चालवलं आणि काकांना बोलावून आणलं.

काका उंबऱ्यात थांबले, छताला जय भीम झाला, मग माझ्याकडे पाहिलं. सबंध दुपार ते मागच्या खोलीत होते. पत्र्यांचा नमुना काढला. मग शिडी हलवून बारदान्यावर पाणी मारलं आणि जोडाजवळचा बोटभर तुकडा कापला. चुन्याच्या थरांखालून लाल धागा निघाला. साडीच्या काठातून ओढून काढलेला असतो तसा. काकांनी तो बोटावर घेतला आणि शिडीवर तसेच उभे राहिले. मी खालून विचारलं, काय झालं. ते खाली उतरले, मला बाहेर काढलं, खोलीचं दार लावलं आणि दाराच्या फटींना चिकटपट्टी लावत लावत बोलायला लागले.

"हे शिवन माह्या बायकोचं आहे, असा काठाचा लाल धागा तीच लावत होती," ते म्हणाले. "कारखान्यात हे सूत ज्या बारदान्यात याचं ना माय, ते रिकामे बारदाने मी सुट्टीवर येताना घेऊन येत होतो. फुकट भेटत होते. झटकत ती होती, शिवत ती होती, अन् गावात वाटतबी तीच होती. कोनाकोनाले देल्ले ते तिनं सांगतलं नाही, मी इचारलं नाही. मले समजलं का यात काय असते, तवा इचाराले ती नव्हती."

त्यांची बायको खोकून खोकून गेली एवढं गावाला माहीत होतं. ती पोती झटकण्याने गेली, हे त्या दिवशी मला कळलं. आणि हेही कळलं की एवढी वर्षं हा माणूस लग्नात, मयतीत, मुलगी पाहायला गेल्यावर वर का पाहत होता. तो तिचा लाल धागा शोधत होता.

मला त्यांची दया यायला पाहिजे होती. पण खरं सांगते, मला राग आला. त्याच छताखाली मी माझी पोर वाढवली होती. दर दिवाळीला त्या बारदान्यावर झाडू मारला होता आणि खाली चुन्याची भुकटी पडायची ती प्रज्ञाच्या अंथरुणावरून हाताने झटकली होती. मी त्यांना सरळ विचारलं, माझ्या लेकीला काही होईल का. दुसरा कोणी असता तर काही होत नाही म्हणून मोकळा झाला असता.

"होईनच असं नाही. नाही होनार असंबी मी नाही म्हनत," काका म्हणाले. "डाक्टरले दाखवून ठेवू. पन तिच्या लेकराले मी लागू नाही देनार. हे माह्यावर."

मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. ते मात्र रोज सकाळी आठला यायचे आणि त्या बंद दारासमोर स्टूल टाकून संध्याकाळपर्यंत बसायचे. ठेकेदाराची माणसं हातोडे घेऊन आली, त्यांना परत पाठवलं. आमची मांजर व्यायला झाली होती आणि तिलाही नेमकी तीच खोली पाहिजे होती. ती दाराशी यायची, काका तिला समजावून सांगायचे की कागद येईपर्यंत थांब. तिसऱ्या दिवशी मी चहा नेला तेव्हा मांजर त्यांच्या पिशवीवर झोपलेली होती आणि काका फवारणीची बाटली मांडीवर घेऊन बसले होते. मला हसू आलं आणि राग कुठे गेला ते कळलंच नाही. मी म्हटलं, काका, तुम्हाला तर दिसलंच आहे काय आहे ते, मग कागदाची वाट कशाला. ते म्हणाले की नियम लोकांच्या घरी एक आणि आपल्या चुकीला दुसरा, असं करता येत नाही.

कागद बाराव्या दिवशी आला. पत्र्यांत होतं, बारदान्यातही होतं. मग नागपूरहून पांढरे सूट घातलेली दोन माणसं आली. सबंध गल्लीने खिडक्या लावून काचांमागून तमाशा पाहिला. पत्रे बोल्ट ढिले करून अख्खे उतरवले, एक फुटला नाही. बारदान्याला मात्र काकांनी त्या दोघांना हात लावू दिला नाही. स्वतः सूट चढवून आत गेले, पाणी मारून मारून ते छत ओलं चिंब केलं आणि सतरंजीसारखं गुंडाळत गुंडाळत खाली घेतलं. प्लॅस्टिकची दोन आवरणं, वर चिकटपट्टी. गाडी नागपूरला जिथे असला कचरा पुरतात तिकडे निघाली, तेव्हा ते वळकटीवर हात ठेवून थोडा वेळ उभे होते. बायकोच्या हातचं तोवर तेवढंच सापडलं होतं.

स्लॅब त्या वर्षी झालाच नाही, दिवस उरले नव्हते. वर लोखंडी पत्रा आणि खाली प्लायवूड, असं भागवलं. ठेकेदार अजून माझ्याशी नीट बोलत नाही. प्रज्ञाला डॉक्टरांनी तपासलं. छाती साफ आहे, पण दरवर्षी दाखवत राहा म्हणाले. ते आम्ही करतो.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. त्यांचीही छातीच. आजारपणात मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला वही उघडून दाखवली. बायकोने शिवलेल्या छतांची घरं आमच्या छतानंतर त्यांनी म्हाताऱ्या बायांना विचारून विचारून गोळा केली होती. दोन सोडून सगळ्यांपुढे छत उतरवल्याची बरोबरची खूण होती. ती दोन रामाकोन्याकडची, नेमकी कोणती ते मी शोधते आहे. हल्ली कोणाकडे गेले की माझीच मान आधी वर जाते आणि शाळेतल्या बाया मला हसतात. हसू देत.

पण काका आठवतात ते बारशाच्या दिवशीचे. पाहुण्यांनी घर भरलेलं, नात पाळण्यात, पाळणा त्याच मागच्या खोलीत. काका पांढराशुभ्र सदरा घालून आले. उंबऱ्यात एक पाय टाकून थांबले. सगळे आपापसात कोपर मारून वाट पाहायला लागले, आता छताला जय भीम होणार म्हणून. काका सरळ पाळण्याशी आले, चष्मा कपाळावर नेला आणि वाकून पोरीचं तोंड पाहत राहिले. ती झोपली होती. तिचा श्वास चाललेला तेवढा दिसत होता, आणि ते तोच पाहत होते.

मी चिडवत म्हटलं, काका, आज वर नाही पाहिलं.

"वरचं मले मालूम आहे, माय," ते म्हणाले, आणि मान काही वर केली नाही.