कानातून येणारं उत्तर

आवाज कानात जातो हे ठाऊक होतं. तो कानातून बाहेरही येतो, हे काल कळलं. दोन दिवसांची नात झोपली होती. नर्सने तिच्या कानात बारीक नळी बसवली आणि मला दटावलं, "आजी, आता गप्प बसा. यंत्र आत टिकटिक करतं. कान चांगला असला तर आतून बारीक आवाज परत येतो."

"झोपेतही?"

"झोपेतही."

गप्प बसणं मला कधी जमलं नाही. जुन्या कपड्यांवर भांडी देत दारोदार फिरून मी दुकान उभं केलं, ते गळ्याच्या जोरावर. लेक झाली तेव्हा तिला ऐकू येतं का बघायला मीच पाळण्याजवळ थाळी बडवली होती. पोर दचकली आणि आम्ही निर्धास्त झालो. तिला ऐकू येत नाही, हे तीन वर्षांनी कळलं. ती दचकली होती पाळण्याला बसलेल्या हादऱ्याने. तोवर सासूबाईंचा टोमणा ठरलेला, "आईच एवढी बोलते, पोर कशाला तोंड उघडेल?" तो मी आजही विसरलेले नाही, आणि ती थाळीही.

काल तीच लेक पलंगावरून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. खोली इतकी शांत, की मीच तिच्या जगात येऊन बसलेय असं वाटलं.

हिरवा दिवा लागला. "दोन्ही कान पास," नर्स म्हणाली.

मी लेकीला 'ऐकू येतं' अशी खूण केली आणि बाळाच्या कानाला कान लावला. लेकीने हातानेच विचारलं, "काय म्हणतेय?"

काय सांगू? आत कुणीतरी उत्तर देत होतं, आणि ते आम्हां दोघींनाही ऐकू येत नव्हतं.