‘भरून टाका’ नावाचं बटण

मध्यंतरी इथल्याच एका हॉटेलात लघुउद्योजकांसाठी कार्यक्रम होता. सुटातला एक गृहस्थ पडद्यावर चित्रं दाखवत भारतीय सॉफ्टवेअरच्या बाजाराची बलस्थानं आणि उणिवा सांगत होता. बलस्थानांत त्यानं आमची हुशारी सांगितली, स्वस्ताई सांगितली. उणिवांत म्हणाला, आपण विकण्यात कमी पडतो. मी मागच्या रांगेत समोसा खात बसलो होतो. मनात म्हटलं, बाबा रे, वाळूजच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन आयुष्यात एक तरी सॉफ्टवेअर विकलंयस का तू? विकण्यात कमी पडतो म्हणे! मी कसा विकायला शिकलो ते सांगितलं असतं तर सूट काढून घरी गेला असता. पुढचा समोसा माझ्यानं खाववला नाही.

मी कन्नडकडचा. घरी शेती, मी इंजिनिअर, पुण्यात काही वर्षं नोकरी, मग ‘आपल्या माणसांसाठी काहीतरी करू’ ही खाज. ती खाज ज्याला सुटते त्याचं कुणी ऐकू नये. कॉलेजातल्या एका मित्राला भागीदार केलं. त्याच्या घरी मेंढरं. शिकलेला तो घरातला पहिलाच, आणि कॉम्प्युटरवर त्याचा हात असा चालायचा की पुण्यातल्या भल्याभल्यांनी बघत राहावं. क्रांती चौकाजवळ मोबाईलच्या दुकानावर एक खोली घेतली आणि कामाला लागलो.

आमचं सॉफ्टवेअर कशाचं ते सांगतो. वाळूजला मोठे कारखाने आहेत आणि त्यांना सुटे भाग बनवून देणाऱ्या लहान शेडी आहेत. शेडमध्ये दर तासाला पाच नग उचलायचे, मायक्रोमीटरनं मोजायचे आणि मापं कागदावर लिहायची, असा नियम. माल जाताना तो कागद सोबत जातो. हा झाला नियम. प्रत्यक्षात मोठ्या कारखान्याची माणसं तपासणीला येणार असं कळलं की शेडमध्ये दोन पोरं बसवायची आणि महिन्याभराचे कागद एका दुपारी लिहून काढायचे. तीन रंगांची पेनं घ्यायची, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं वाटतं. मधूनच एखाद्या कागदाला तेलाचं बोट लावायचं. यात आमच्या लोकांचा हात कुणी धरणार नाही.

आम्हाला वाटलं, हे थांबवू. मायक्रोमीटरला वायर लावली, वायर कॉम्प्युटरला. नग मोजला की माप आपोआप आत. हातानं एक आकडासुद्धा भरता येणार नाही. पडद्यावर सगळं मराठीत, तेलकट बोटांना सापडतील एवढी मोठी बटणं. लई अभिमान होता आम्हाला त्याचा.

वर्षभर एक नग खपला नाही.

एक शेठ म्हणाला, “मशीन घेतलं तर चार लोकांना दिसतं तरी. हे तुमचं कुठं ठेवू?” दुसऱ्याचा साडू पुण्यात ‘कॉम्प्युटरमधी’ होता, त्याला विचारून सांगतो म्हणाला, अजून विचारतोयच. तिसऱ्याला वर्षभर फुकट वापरून मग ठरवायचं होतं. चौथ्याला सॉफ्टवेअरसोबत एक माणूस हवा होता, कायमचा, जो बाकीच्या वेळात बिलंही टाईप करील. पुण्याहून कुणी विकायला आला की त्याला चहासोबत बिस्किटं. मला नुसता चहा, कारण मी काय, इथलाच! घर की मुर्गी दाल बराबर. पार बेजार झालो होतो.

तेव्हा दाजी मधे पडले. थोरल्या बहिणीचे मालक. वाळूजच्याच एका शेडमध्ये ते क्वालिटीत होते, म्हणजे माल मोजून पास-नापास करणारे. एकोणीस वर्षं एकाच शेडमध्ये. नग नुसता चिमटीत धरून म्हणायचे, “हा जास्त गेलाय,” आणि मोजला की खरंच जास्त निघायचा. कुणाकडं कधी काही मागितलं नाही या माणसानं. माझ्यासाठी मात्र शेठच्या केबिनमध्ये जाऊन उभे राहिले. “मेव्हणा हाय माझा. काम चोख हाय. माझी हमी.”

ताईनं मला त्या दिवशी फोन केला. “हे बघ, त्यांची नोकरी हाय तिथं. पोरीचं कॉलेज अजून व्हायचंय. या वयात त्यांना दुसरीकडं कुणी घेणार नाय. तुझ्या पायी काही वाकडं झालं तर बघ.” मी हसलो. म्हटलं, ताई, मी सॉफ्टवेअर विकायला चाललोय, दारू नाही.

शेठला दाखवायला गेलो तेव्हा नग मोजून दाखवायचं काम दाजींनीच केलं. मोजला की आकडा पडद्यावर, मोजला की आकडा पडद्यावर. शेठ खूश. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

“सगळं झ्याक आहे. पण एखाद्या दिवशी नाही मोजलं तर?”

“ती जागा रिकामी राहते.”

“आणि तपासणीवाला आला तर?”

“त्यालाही रिकामी दिसते, शेठ. तीच तर गंमत आहे.”

शेठ एवढे हसले की बाहेरचा शिपाई डोकावला. “म्हणजे फाशीचा दोर मीच विकत घेऊ व्हय? आणि तो बी तुमच्याकडून? असं करा, एक बटण द्या. अडीअडचणीला दाबलं की राहिलेलं भरून निघालं पाहिजे. आजच देता का बोला, आजच ऑर्डर.”

उठायला पाहिजे होतं. मी दाजींकडं बघितलं. ते मायक्रोमीटर फडक्यानं पुसत होते, मान खाली. वर्षभर फिरून माझ्या चपला झिजल्या होत्या, खोलीच्या मालकानं दोनदा निरोप धाडला होता, भागीदाराच्या बापानं मेंढरं राखायला परत बोलावलं होतं. मी म्हटलं, “देतो की शेठ. त्यात काय.”

‘देतो की.’ सुटातल्या माणसा, लिहून घे, हे आमचं बलस्थान. आणि उणीव पण हीच, वेगळं चित्र लावू नकोस.

फाटकापर्यंत दाजी सोडायला आले. “कशाला व्हय म्हणलास?”

“धंदा आहे दाजी. एकदा पाय रोवू द्या, मग काढून टाकतो ते बटण.”

“बरं. पण माझ्या नावावर भरू नको म्हणजे झालं.”

“छे हो,” मी म्हटलं.

भागीदार आधी चिडला. मग बसला आणि दोन दिवसांत असं बटण केलं की मलाच भीती वाटली. मापं ठरलेल्या हद्दीच्या आतच, पण सगळी सारखी नाहीत. सकाळी यंत्र गार असताना थोडी कमी, दुपारनंतर थोडी जास्त. जेवणाच्या सुट्टीत एकही माप नाही. तीन पेनं नकोत की तेलाचं बोट नको! खऱ्या मापांपेक्षा खरी दिसायची ती. नाव दिलं ‘भरून टाका’. कागदावर तपासणाऱ्याचं नाव लागतंच, तेव्हा त्या पाळीला जो असेल त्याचं नाव आपोआप यायचं. हे मला माहीत होतं. दाजींना दिलेला शब्दही माहीत होता. शेठला नावाची जागा कोरी चालणार नव्हती, म्हणून मी गप्प बसलो.

त्यानंतर मला विकावं लागलं नाही. लोक फोन करून बोलवायला लागले. कशी कोण जाणे, बातमी शेडीशेडीतून फिरली. मी गेलो की मराठी पडदा, मोठी बटणं, वायर, यातलं काही कुणी बघायचं नाही. “ते एक बटण आहे म्हणे तुमच्यात?” एवढंच विचारायचे. आणि आता मला चहासोबत बिस्किटं यायला लागली. मी ती खाल्ली, खोटं कशाला बोलू.

दीडेक वर्ष असं बरं चाललं. मग एके दिवशी पहिलाच नग चिमटीत धरताना दाजींना मालात खोट दिसली. पिना होत्या, त्यांची जाडी हद्दीबाहेर जात होती, कारण यंत्राचं कापणारं हत्यार झिजलं होतं. त्यांनी काम थांबवायला सांगितलं, बटण दाबून मापं भरायला नकार दिला आणि केबिनमध्ये जाऊन शेठला तसं तोंडी सांगितलं. शेठ म्हणाले, “ठीक आहे, उद्या बघू.” दाजी पाळी संपवून घरी आले. संध्याकाळच्या गाडीनं माल गेला. सोबत पूर्ण भरलेला कागद गेला, दर तासाला पाच मापं, सगळी हद्दीत, खाली दाजींचं नाव. केबिनच्या कॉम्प्युटरवरून कुणीतरी बटण दाबलं होतं.

माल मोठ्या कारखान्यात अडकला. तिथली माणसं शेडमध्ये आली. कागद समोर ठेवून विचारलं, हे कुणी मोजलं? शेठनं दाजींकडं बोट दाखवलं. दाजी म्हणाले, मी मोजलंच नाही. त्यावर ती माणसं म्हणाली, काका, हातानं लिहिलेलं असतं तर मानलं असतं, हे कॉम्प्युटरमधलं आहे. अशा वेळी शेडला एक फॉर्म भरून द्यावा लागतो, चूक पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं त्याचा. त्यात शेठनं लिहून दिलं: संबंधित निरीक्षकास कामावरून कमी केले. मोठा कारखाना खूश, शेठ खूश, हत्यार तेवढं बदललं. वीस वर्षं राबलेला माणूस एका ओळीत बाहेर.

तिसऱ्या दिवशी दाजी आमच्या खोलीवर आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, हे मला अजून डाचतं. परक्याकडं काम मागायला जावं तसे खुर्चीच्या कडेला बसले.

“मला यातलं कळत नाय,” म्हणाले. “पण आत कुठंतरी नोंद राहत असंल ना रे? कुठल्या कॉम्प्युटरवरून भरलं, किती वाजता भरलं? तेवढा कागद काढून दे. मी शेठशी भांडत नाय. त्या मोठ्या कारखान्याच्या साहेबाला दाखवतो फक्त. माझ्या नावाला लागलंय ते निघालं म्हणजे झालं.”

नोंद होती. दिवसभराची चाळीस मापं एका सेकंदात, केबिनच्या कॉम्प्युटरवरून. काढायला दोन मिनिटंही लागली नसती. पण तो कागद मोठ्या कारखान्याच्या हातात गेला की बटण उघडं पडणार होतं. मग माझी एकूण एक गिऱ्हाइकं गेली असती, आणि जाताना मला वाळूजमध्ये तुडवून गेली असती.

“नाय राहत नोंद, दाजी,” मी म्हटलं. “महिन्याचं महिन्याला पुसलं जातं.”

महिना झालाच नव्हता. माल जाऊन जेमतेम आठवडा झाला होता. समोर भागीदार टाईप करत होता, त्याचा हात थांबला. दाजींनी माझ्याकडं बघितलं. आयुष्यभर बारीक फरक ओळखण्यात गेलेला माणूस तो, त्याला माझा चेहरा वाचता येणार नाही होय? पण “बरं,” म्हणाले. उठले, भागीदाराला “येतो हं” म्हणाले आणि जिना उतरून गेले. पाणीसुद्धा विचारलं नाही मी त्यांना.

भागीदारानं दोन महिन्यांत वाट धरली. भांडण नाही, काही नाही. जाताना एवढंच म्हणाला, “बटण मी केलं, ते माझं पाप. नोंद तू दाबलीस.” ताई फोन उचलते. “हं”, “बरं”, “ठेवते”. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण दाजींनी तिला काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही. ती फक्त ओळखून आहे.

मागच्या वर्षी एका शेठचा फोन आला. माझंच गिऱ्हाईक. “साहेब, क्वालिटीसाठी एक माणूस आलाय. वय झालंय, पण तुमच्या सॉफ्टवेअरवर काम केलेलं आहे. आधीची शेड कुठली ते कळलं तेव्हा म्हटलं तुम्हाला विचारावं. कसा आहे?”

दाजी होते. माझी ओळख त्यांनी सांगितली नव्हती. मेव्हण्याचं सॉफ्टवेअर भिंतीकडच्या कॉम्प्युटरवर चालू होतं आणि त्याच्या शेजारी उभं राहून ते परक्यासारखे नोकरी मागत होते. मला एकदम भरून आलं. वाटलं, आता संधी आहे, आता तरी फेडावं.

“शेठ,” मी म्हटलं, “अख्ख्या वाळूजमध्ये त्यांच्यासारखा मोजणारा नाही. डोळे मिटून घ्या.”

“मोजतात ते बघितलं मी. एक नंबर. पण वेळ आली तर बटण दाबतील का?”

हो म्हणायचं होतं. एवढं खोटं बोललेलो मी, अजून एक शब्द काय जड होता? पण मला तेव्हा खरं बोलायची हुक्की आली. दाजींचा मान राखतोय असं वाटलं मला, ऊर भरून आला माझा.

“नाही दाबणार,” मी म्हटलं. “मरतील, पण दाबणार नाहीत.”

“मग काय उपयोग, साहेब,” शेठ म्हणाले. फोन ठेवण्याआधी पलीकडं ते कुणाला तरी सांगताना ऐकू आलं, “काका, बघू, कळवतो.”

दाजींना ती नोकरी मिळाली नाही. त्याच महिन्यात त्या शेठनं दुसऱ्या शेडसाठी आणखी एक सॉफ्टवेअर मागितलं. मी दिलं.