पहिल्या शनिवारची किक

इनास भावोजी गेल्याचं बहिणीने फोनवर सांगितलं, आणि तासाभरात पहिला शोकसंदेश माझ्या मोबाइलवर झळकला. अबू धाबीत अल रीम आयलंडवर राहणाऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरसाहेबांचा. ‘आरआयपी लेजेंड’ असं लिहून खाली फोटो... स्वतःचा! साहेब आपल्या जुन्या, लालभडक इटालियन मोटरसायकलवर ऐटीत बसलेले, उजवा पाय ब्रेक समजून गिअरवर रोवलेला. त्या काळच्या इटालियन गाड्यांचा ब्रेक डावीकडे असतो, हे या मालकाला अजून कळलेलं नाही.

गाडी उभी केली होती भावोजींनी. वसईचा हा माणूस मुसफ्फाच्या गॅरेजात आठवडाभर ट्रकखाली आडवा असायचा आणि सुट्टीच्या दिवशी हिच्यापाशी. पन्नासच्या दशकातली, अवघ्या एकशे पंचाहत्तर सीसीची, पण शर्यतीच्या रक्ताची. दोन वर्षं खपून त्यांनी ती सुरू केली. साहेबांनी काय केलं? पेट्रोलचा वास येतो म्हणून टाकी रिकामी करवली आणि गाडी एकतिसाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत, समुद्रासमोर, शोभेला ठेवली. “हबीबी, ही चालवायची थोडीच असते? शोपीस आहे!”

भावोजी वाद घालत बसले नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पुसायच्या निमित्ताने ते तिथे जाऊ लागले. प्लग काढून चमचाभर तेल सोडायचं, किक हाताने दाबून इंजिन फिरवायचं. कार्ब्युरेटरचं तोंड उघडं. खाऱ्या हवेने पिस्टन गंजून जाम होईल, ही त्यांची धास्ती. साहेब तेव्हा आत सोफ्यावर पसरलेले.

मी दुबईत, देऱ्यातल्या ऑफिसातला टायवाला. मला भावोजींची कीव यायची. “भावोजी, फुकटची हमाली कशाला?” असं तोंडावर म्हणायचो. हॉस्पिटलात त्यांनी माझा हात धरला. “माझा शनिवार तू कर रे. किक डाव्या बाजूला आहे. जोर नको लावूस... हळू.”

“इन्शाल्ला,” मी म्हणालो. इथे आपली माणसं हा शब्द कशासाठी वापरतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. तोंडावर नाही म्हणायचं नसलं, की इन्शाल्ला. त्यानंतर ते अंथरुणात असताना आणि ते गेल्यावर मिळून चार पहिले शनिवार मी देऱ्यात लोळून काढले.

चर्चमध्ये भावोजींच्या महिन्याची मिस्सा झाल्यावर मात्र साहेबांकडे गेलो. तेल सोडलं, किक दाबली. हलली नाही. पुन्हा तेल, पुन्हा किक... शेवटी जोरही लावला. इंजिन दगड झालं होतं.

साहेब बाहेर आले. टाकीवरून बोट फिरवून म्हणाले, “बघ, कसली चकाचक आहे! इनास नाही म्हणून काही अडलं का?”

“नाही,” मी म्हणालो.

या माणसाचा मला मनस्वी तिटकारा आहे. पण त्याला गाडीतलं काहीच कळत नव्हतं. मला भावोजींनी सगळं सांगितलं होतं.