आधी साखर, मग पोलीस

साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा ती सुखासुखी देत नसे. गोळी मुठीत धरून आधी विचारायची, "बेशुद्ध माणसाच्या तोंडात काय घालायचं?"

"काही नाही, सिस्टरबेन."

"पाणी?"

"तेही नाही."

"फिट आली तर कांदा हुंगवायचा?"

"नाही."

"मग काय आरती करायची?"

"कुशीवर वळवायचं."

तेव्हा कुठे मूठ उघडायची.

बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या आमच्या कारखान्यात प्रथमोपचाराची खोली तिच्याकडे होती. घरची मराठी, आजोबा बडोद्याच्या राज्याच्या फौजेत; पण कामगारांनी तिची सिस्टरबेन केली होती. मी फाटकाशेजारी टाइम ऑफिसात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वेळा लिहायला. दर सोमवारी पाळीआधी ती सायकल स्टँडवर सगळ्यांची उजळणी घ्यायची. साप चावला तर दोरी आवळायची नाही. छातीत कळ येऊन घाम फुटला तर ‘गॅस’ म्हणायचं नाही. भाजलं तर टूथपेस्ट नाही. वाहतं पाणी, वीस मिनिटं. एकदा माझं बोट भाजलं तेव्हा अकराव्या मिनिटाला मी नळ बंद केला.

"टाइमबाबू, नऊ बाकी," ती खोलीतूनच ओरडली.

अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. आपण त्यांना हसतो. मीही हसत असे.

श्रावणातल्या एका दुपारी लेथवरचे जयंतीभाई झोकांड्या खात फाटकाशी आले. एरवी मान वर न करणाऱ्या या माणसानं सिक्युरिटी ऑफिसरना आईवरून शिवी दिली.

"पीधेलो छे," म्हणत ऑफिसरनी फोन उचलला. गुजरातेत दारूबंदी. पोलीस आले की नोकरी गेलीच. "लखो," ते मला म्हणाले. मी रजिस्टरात लिहिलं: ३.१०, नशेत. जवळ जाऊन वाससुद्धा घेतला नव्हता. आकड्यात कधी न चुकणारा मी, शब्दात चुकलो.

तेवढ्यात सिस्टरबेन आली. जयंतीभाईंचा शर्ट चाचपला. पिळावा इतका ओला. तोंड हुंगलं.

"उपवास आहे ना तुमचा? डायबेटिसची गोळी घेतली सकाळी?"

जयंतीभाईंनी कशीबशी मान डोलावली.

"बेन, हात लगाडशो नहीं, पोलीस आवे छे," ऑफिसर आडवे आले.

"येऊ देत. आधी साखर, मग पोलीस. सरका!"

त्यांना कोपरानं बाजूला सारून तिनं जयंतीभाईंच्या बोटाला टोचलं, थेंब पट्टीवर घेतला आणि डबीवरच्या रंगांशी जुळवला. सगळ्यात फिका, म्हणजे साखर अगदी कमी. घोटभर पाणी गिळता येतंय हे पाहिलं, मग कँटीनची साखर चार चमचे विरघळवून पाजली. मी घड्याळ बघत होतो. तेराव्या मिनिटाला जयंतीभाईंनी भानावर येऊन विचारलं, "मने शुं थयुं?"

पोलीस आले ते चहा पिऊन गेले. जयंतीभाईंना तिनं तरीही दवाखान्यात धाडलं. गोळीचा असर उतरेपर्यंत साखर पुन्हा पडू शकते म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "खोडायचं नाही. खाली लिहा, साखर कमी होती, नशा नव्हती. आणि सही करा."

मी केली.

तिला मेमो मिळाला: सुरक्षेच्या कामात अडथळा, लेखी माफी द्यावी. तिनं मेमोच्याच तळाशी लिहून पाठवलं, "पुन्हा असंच करीन."

ते दिवस माणसं कमी करण्याचे होते. परदेशी भागीदार आले, नवे साहेब आले, आणि प्रथमोपचाराची खोली ‘अनावश्यक’ ठरली. साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, माफी लिहिलीत तर डिस्पॅचमध्ये घेऊ.

"डिस्पॅचमध्ये मी काय खोक्यांची नाडी बघू?" एवढं म्हणून ती उठली.

शेवटच्या दिवशी दुपारी दोनला ती निघाली. तिच्या मागून जयंतीभाई आले, त्यांच्या मागून अख्खं लेथ खातं. गेटपास एकाकडेही नाही.

ऑफिसर माझ्याकडे बघून म्हणाले, "जवा दो, लखशो नहीं."

मी लिहिलं. बिनापरवाना फाटकाबाहेर: एकेचाळीस. कारण: सिस्टरबेनना पोहोचवायला. बेचाळिसावं नाव स्वतःचं घातलं आणि बाहेर गेलो.

रिक्षात एक पाय ठेवून तिनं मागे पाहिलं. वाटलं, आता डोळे पुसणार.

"अरे, मशिनं बंद करून आलात का? कुणाचं बोट गेलं तर बांधायला आता मी नाहीये!"

दोघं धावत आत गेले.