चुलीतली ठिणगी आणि झांजिबारची बोट

परवा कल्याणला डॉक्टरांकडे सदरा काढून उभा होतो आणि काय चाललंय ते मला काही कळत नव्हतं... अजूनही पुरतं कळलेलं नाही.

मला झांजिबारला एका पेढीवर कारकुनाची नोकरी लागलीय. आगबोट येत्या सोमवारी सुटते, पण देवी टोचल्याचं सर्टिफिकेट नसेल तर बोटीवर पाय ठेवू देत नाहीत. म्हणून कल्याणच्या ओळखीच्या डॉक्टरांकडून डाव्या दंडावर टोचून आलो. आठव्या दिवशी उठलेला फोड दाखवायचा, मग सही.

कोपरीला घरी आलो तर आईने दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधलेला. घरात देवी आल्या, आता फोडणी नाही, तळण नाही, तिने बजावलं. अगं, आल्या नाहीत, मुद्दाम टोचून आणल्यात, असं सांगून पाहिलं. "आल्या काय नि आणल्या काय, मान सारखाच," म्हणाली.

सल्ल्यांचा तर नुसता सुकाळ. डॉक्टर म्हणाले दंड कोरडा ठेवा, आई रोज लिंबाचा पाला वाटून लावणार. शेजारचे अण्णा कधी मुंबईपलीकडे गेले नाहीत, पण तिकडचं पाणी सुंठ घातल्याशिवाय पिऊ नको म्हणाले. मी सगळ्यांना हो म्हणत गेलो...

आणि फोड काही उठेना. चौथा दिवस गेला, सहावा गेला, दंड आपला साफ... आईच्या पाल्यानेच घात केला असं वाटून मी तिच्यावर नको तेवढा ओरडलो. ती पाला वाटतच राहिली.

बोट चुकली, नोकरी गेली असं धरूनच परवा कल्याण गाठलं. डॉक्टरांनी डावा दंड पाहिला, मग उजवा. तिथे एक वाटोळा डाग आहे. लहानपणी चुलीतली ठिणगी उडाली होती, मी म्हणालो... आईने मला तेच सांगितलेलं.

डॉक्टर हसले. ती ठिणगी नव्हे, जुनी देवी टोचल्याची खूण, म्हणूनच आता फोड उठला नाही, म्हणाले आणि सही करून मोकळे झाले.

माझं डोकं चालेना. जिने आठ दिवस घरात फोडणी पडू दिली नाही, तिनेच मला टोचून आणलेलं?

घरी येऊन विचारलं. आई तांदूळ निवडत होती. माझा थोरला भाऊ देवीने गेला, एवढंच मला ठाऊक होतं.

"टोचलं की देवीचा कोप होतो, असं तुझी आजी म्हणायची. तो गेल्यावर मी तुला पदराखाली लपवून टोचायला नेलं, नि घरी ठिणगी उडाली म्हणून सांगितलं."

मग हा डहाळा कशाला?

"एक मूल गेलेलं रे. दोन्हीकडे हात जोडले."

मला ओरडल्याची लाज वाटली. काहीतरी करावं म्हणून डहाळा सोडायला उठलो, तर बोट सुटेपर्यंत राहू दे म्हणाली.

म्हणून आजही आमटी बिनफोडणीचीच होती... मी दोनदा मागून घेतली.